खाशाबांचा गुडघा

कोथरूडमधील मामासाहेब मोहोळ क्रीडानगरीत १४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत रंगली आणि शिवराज राक्षे यांनी गदा उंचावली. दुसऱ्याच दिवशी खाशाबा जाधव यांची ९७वी जयंती होती. खाशाबांचे पदक सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या गुडघ्याची आठवण मात्र फार थोडे काढतात.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल; त्यामुळे आखाडा घरचाच. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटची फारशी सवयही नव्हती. हेलसिंकीच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

१९५२च्या जुलैमध्ये हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली दीर्घ लढत खाशाबांनी गमावली. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. तरीही त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले आणि त्यांच्या बाजूने बोलायला एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले शरीर हरले. तरीही कांस्यपदक हाती आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! कऱ्हाडात १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

१९५५ साली ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले. नजर पुढील वर्षीच्या मेलबर्नकडे होती. मात्र गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ती वाट बंद केली.

तालमीत वेदनेला एक प्रतिष्ठा असते. हजार बैठकांनंतर भरून आलेल्या मांड्या आणि घासून घासून मोडलेले कान हे मेहनतीचे दाखले मानले जातात, आणि कण्हणाऱ्या पोराकडे वस्ताद ढुंकूनही पाहत नाही. ही शिकवण निव्वळ चुकीची म्हणता येणार नाही. स्नायूंची ती ठणक दोन-तीन दिवसांत ओसरते आणि शरीर आणखी बळकट होते. पण सांध्याची भाषा निराळी असते. सरावाच्या दुसऱ्या सकाळी आलेली सूज, मध्येच अडकणारा किंवा दगा देणारा गुडघा या खुणा सहनशक्तीची परीक्षा घेत नसतात. त्या थांबण्याची सूचना देत असतात.

त्यातही एक मोठी फसगत आहे. वेदना ही इजेची मोजपट्टी नव्हे. इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था काही काळ बिचकलेली राहते आणि निरुपद्रवी हालचालही दुखते. उलट, आतला अस्थिबंध तुटलेला असतानाही सरळ चालताना गुडघा मुळीच दुखत नाही, असे घडते. खाशाबांचा हातखंडा डाव होता ढाक: प्रतिस्पर्ध्याची मान जखडायची आणि अंग फिरवून त्याला भुईवर आदळायचे. असा डाव टाकताना रोवलेल्या पायाच्या गुडघ्यावर सारा पीळ येतो. म्हणून चालताना न दुखणारा गुडघा कुस्तीला तयार आहे, असे कोणत्याही मल्लाने समजू नये. आज फिजिओथेरपिस्ट खेळाडूला टप्प्याटप्प्याने पुढे नेतो. सरावानंतरचा सौम्य ठणका चोवीस तासांत शमला आणि सूज आली नाही, तरच पुढची पायरी. अन्यथा एक पायरी मागे. १९५६च्या आसपास मात्र एमआरआय नव्हता, दुर्बिणीतून होणारी गुडघ्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे पोचलेली नव्हती. मल्लाला आपल्या दुखण्याचा अर्थ बहुधा स्वतःलाच लावावा लागे.

विश्रांतीचे गणित खाशाबांना दोनदा नडले, असे मला वाटते. हेलसिंकीत अर्धा तास मिळाला नाही; मेलबर्नपूर्वी हवे होते ते महिने, आणि ऑलिंपिकची तारीख कुणासाठी पुढे जात नाही. त्या वेळी त्यांनी वयाची तिशी गाठली होती.

पुढे पोलिस दलातील मल्लांना घडविण्याचे काम त्यांनी केले आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतरच. भारताला दुसरे वैयक्तिक पदक १९९६ साली अटलांटात लिअँडर पेसने मिळवून दिले, तेव्हा खाशाबांना जाऊन बारा वर्षे झाली होती.