मातीतून मॅटवर : खाशाबा जाधवांची चार वर्षे

गेल्या हिवाळ्यात आपल्या शाळेचा व्हॉलीबॉल संघ विभागीय स्पर्धेतून पहिल्याच फेरीत हरून परतला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत संघातील पाच-सहा मुली माझ्या कार्यालयात आल्या. रडून झाले होते, आता त्यांना उत्तर हवे होते. सराव तर रोज होतो, मग आपण कमी कुठे पडतो, हा त्यांचा प्रश्न होता. मी मराठीची शिक्षिका. खेळाचे तंत्र सांगण्याचा मला अधिकार नाही. म्हणून त्यांनी काय पाहिले ते मी त्यांनाच विचारले. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली की समोरच्या संघातील मुली चेंडूसाठी जमिनीवर झेपावत होत्या आणि आपल्यापैकी कोणीच झेपावत नव्हती. कारण उघड होते. आपले मैदान मातीचे आणि खड्यांचे. तिथे झेप घेतली तर गुडघे-कोपरे सोलून निघतात. स्पर्धा मात्र बंदिस्त सभागृहातील लाकडी फरशीवर होती. जे अंगणात कधी केलेच नाही, ते ऐन सामन्यात कसे सुचणार?

तेव्हा मला कराडजवळच्या एका मल्लाची आठवण झाली आणि ती मी मुलींना सांगितली. हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर तीच कथा थोड्या विस्ताराने मांडत आहे. खेळ वेगळा असला तरी प्रश्न तोच आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाने पावन झालेले कराड तेथून हाकेच्या अंतरावर. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले मल्ल. पाच भावंडांत खाशाबा धाकटे. घरात शेती होती, कुस्ती होती आणि स्वातंत्र्याची ओढही होती. बेचाळीसच्या आंदोलनात भूमिगतांना आसरा देणाऱ्या घरांपैकी हे एक घर. वडिलांच्या देखरेखीखाली खाशाबांनी अगदी लहान वयात लंगोट कसला. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. केवळ कुस्तीच नव्हे, तर पोहणे, धावणे, मल्लखांब, वजन उचलणे यांतही ते रमत. देह ठेंगणा, बांधा आटोपशीर. पण अंगात विलक्षण चपळाई. पुढे परदेशी लोकांनीही त्यांचे कौतुक केले ते या लहान चणीतल्या ताकदीचेच.

शालेय शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांच्या काळापासून तालमी, खुराक, वस्तादांचा मान आणि मैदानाला लोटणारी गर्दी ही या शहराची ओळख. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली खाशाबांची तयारी सुरू झाली. महाविद्यालयीन आणि राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धांत यश मिळत गेले आणि १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनमध्ये या तरुणासमोर काय उभे राहिले याची कल्पना आज आपल्याला येणे कठीण आहे. आपली कुस्ती लाल मातीत होते. ती माती मल्लाने अंगाला लावायची, शड्डू ठोकायचा आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवायची. तो चितपट झाला म्हणजे निकाल लागला. ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवर होते. तिथे वजनाचे गट काटेकोर, वेळेची मर्यादा ठरलेली आणि प्रत्येक पकडीला, प्रत्येक सुटकेला पंचांकडून मोल दिले जाते. प्रतिस्पर्धी चीत झाला नाही तरी कुस्ती जिंकता येते, आणि एकदाही पाठ न टेकता हरताही येते. पायाखालची माती सैल असते, पाय रोवता येतो; मॅटवर तोच पाय वेगळ्या रीतीने टाकावा लागतो. बावीस वर्षांच्या खाशाबांना हे सारे जवळजवळ प्रत्यक्ष स्पर्धेच्या तोंडावरच शिकावे लागले. तेथे रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना मार्गदर्शन केले. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून हार पत्करली आणि ते सहाव्या स्थानी राहिले. त्यापूर्वी कोणताही भारतीय मल्ल इतका वर पोहोचला नव्हता.

सहावे स्थान! गावी परतल्यावर सत्कार घेऊन, फेटे बांधून घेऊन आयुष्यभर त्याच आठवणीवर जगता आले असते. खाशाबांनी तसे केले नाही. त्यांच्या आयुष्यातील १९४८ ते १९५२ ही चार वर्षे मला पदकापेक्षाही अधिक महत्त्वाची वाटतात. आपण कोणत्या डावात सापडलो, कुठे गुण गमावले, मॅटवर कोणती सवय अडचणीची ठरली, हे पाहून आलेला माणूस आता त्या दृष्टीने मेहनत करू लागला. जोर-बैठका पूर्वीही होत्या आणि आताही होत्या. पण आता त्या मेहनतीला एक नेमका पत्ता होता. ढाकेसारख्या आपल्या मातीतल्या डावाला त्यांनी नव्या नियमांत धार दिली. मातीने दिलेले सोडले नाही आणि मॅटने मागितलेले टाळले नाही. शिवाय पुढच्या वेळी ते फ्लायवेटमध्ये उतरले नाहीत, तर त्याहून वरच्या, सत्तावन्न किलोच्या बॅंटमवेट गटात उतरले. अधिक वजनाच्या मल्लांशी लढायचे म्हणजे नव्याने सारी घडण करणे आले.

मेहनत तयार होती, पण वाट मोकळी नव्हती. हेलसिंकीच्या संघनिवडीत आपल्यावर अन्याय झाला, एका गुणाने आपल्याला डावलले गेले, अशी खाशाबांची भावना होती. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि त्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करून त्यांनी आपली जागा मिळवली. तक्रार करणे आणि मैदानात ती सिद्ध करून दाखवणे या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या.

त्यानंतर प्रश्न आला पैशांचा. फिनलंडपर्यंतचा खर्च शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. मुंबई सरकारकडे केलेल्या मदतीच्या मागणीला वेळेवर यश आले नाही. तेव्हा गोळेश्वरच्या आणि कराडच्या लोकांनी वर्गणी जमवली. घरोघरी, दुकानोदुकानी फिरून ज्याला जे देता येईल ते मागितले गेले. आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

या ओळीपाशी मी प्रत्येक वेळी थांबते. त्या काळातील सात हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! पदक मिळेल याची कोणतीही हमी नव्हती. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याच्या मेहनतीकडे पाहिले आणि डोक्यावरचे छप्पर तारण ठेवले. शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा प्रश्न या घटनेत आहे, आणि तो मी स्वतःलाही विचारत असते.

जुलै १९५२. हेलसिंकी. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांवर खाशाबांनी विजय मिळवला. शेवटच्या टप्प्यात त्यांची गाठ जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेकोव्ह यांच्याशी पडली. या दोन्ही कुस्त्या त्यांनी गमावल्या. त्या दोन लढतींच्या मध्ये नियमानुसार मिळायला हवी तेवढी विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडायला त्या क्षणी तेथे कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. इशी यांना सुवर्ण, ममदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. २३ जुलै १९५२ हा तो दिवस. स्वतंत्र भारताचे ऑलिम्पिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक. याच स्पर्धेत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले होते. पण एकट्याच्या बळावर पदक मिळवणारा खेळाडू देशाला पुन्हा पाहायला मिळाला तो थेट १९९६ मध्ये, अटलांटा येथे लिअँडर पेस यांच्या रूपाने. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली.

खाशाबा परतले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. काही मिनिटांच्या त्या वाटेला कित्येक तास लागले. ज्यांनी चार-आठ आणे वर्गणी दिली होती, त्यांचेही ते पदक होते. परंतु मिरवणुकीचा गुलाल उतरल्यावर खाशाबांनी जे केले, ते मुलांना सांगताना मला अधिक आनंद होतो. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः मातीत उतरले आणि त्यातून मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवण्यास हातभार लावला. गुरूचे ऋण शब्दांनी फेडण्याची रीत आपल्याकडे फार आहे. खाशाबांनी ते घाम गाळून फेडले.

पुढचे आयुष्य मात्र तितके उजळ नव्हते. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचे स्वप्न गुडघ्याच्या दुखापतीने हिरावून नेले. पोलीस दलातील स्पर्धा त्यांनी गाजवल्या, अनेकांना शिकवले आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. ज्या देशासाठी पदक आणले, त्या देशाच्या क्रीडाव्यवस्थेने त्यांची फारशी विचारपूस केली नाही. आपल्या दिल्लीत १९८२ साली एशियाड भरले, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, पदकानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने.

आपल्या सरोजिनी नगरातून रिंग रोडने निघाले की यमुनेकाठी, आयटीओच्या अलीकडे-पलीकडे, इंदिरा गांधी क्रीडासंकुल लागते. तेथील कुस्तीच्या स्टेडियमला खाशाबा जाधव यांचे नाव दिलेले आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांतील कुस्त्या तेथेच झाल्या. आपल्यापैकी किती जण त्या रस्त्याने रोज ये-जा करतात! सरकारी नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून इथल्या क्वार्टर्समध्ये आलेल्या आपल्या कुटुंबांना आपल्या मातीतले एक नाव या राजधानीत कोरलेले आहे, हे ठाऊक असायला हवे.

आता पुन्हा आपल्या व्हॉलीबॉलच्या मुलींकडे येते. ही कथा ऐकल्यावर त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, प्रत्येक सामन्यानंतर एका वहीत लिहायचे : कोणती सर्व्हिस जाळीत गेली, कुणाचा पास सेटरपर्यंत पोहोचला नाही, ब्लॉकला उडी घ्यायला कोण उशिरा उठले. हरल्याचे दुःख दोन दिवसांत ओसरते, पण लिहिलेले राहते. दुसरी, झेप घ्यायला शिकायचे. त्यासाठी व्यायामशाळेतल्या जुन्या गाद्या मैदानाच्या कडेला आणून अंथरल्या. खेळाच्या शिक्षकांनी आधी गुडघ्यावर बसून, मग उभ्याने पुढे पसरायला शिकवले. पहिले आठ दिवस हशाच अधिक झाला. नंतर हशा थांबला आणि चेंडू वर उठू लागला.

खाशाबांनी लंडनहून जे आणले, ते हेच होते : आपल्यापेक्षा चांगला खेळ जवळून पाहिल्याची नोंद. केवळ अधिक वेळ सराव केल्याने खेळ सुधारतोच असे नाही. चुकीची सवयही रोजच्या सरावाने पक्की होते. आपले कुठे अडते हे ओळखून तेवढ्याच जागी मेहनत घ्यावी लागते, आणि ती घेताना मागे कोणीतरी उभे असावे लागते. ते कोणीतरी म्हणजे आपण, पालक आणि शाळा.

म्हणूनच पालकांशी थोडे मोकळेपणाने बोलते. याच संघातील एका मुलीचे वडील दहावीच्या वर्षाचे कारण सांगून तिचे नाव संघातून काढून घ्यायला आले होते. त्यांची काळजी मला कळते. मीही आई आहे आणि बोर्डाच्या निकालाचा ताण मीही दरवर्षी सोसते. मी त्यांना कोणताही उपदेश केला नाही. फक्त प्राचार्य खर्डेकरांच्या घराची हकीकत सांगितली आणि आपल्याकडून कोणी घर मागत नाही, आठवड्यातून दोन संध्याकाळी मागत आहोत, एवढेच म्हटले. ते बराच वेळ खिडकीतून मैदानाकडे पाहत राहिले. मग परीक्षा संपेपर्यंत दोन संध्याकाळी पुरे, असे ठरवून गेले.

ती मुलगी आता मंगळवारी आणि शुक्रवारी येते. आल्या आल्या आधी वही उघडते, मागच्या वेळचे वाचते आणि मग गादीकडे जाते.

— मुख्याध्यापिका