सिद्धगडचे भाई कोतवाल

मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत सिद्धगड आहे, हे शहापूर-मुरबाडच्या वाचकांस सांगणे नको. भाई कोतवाल तेथे कसे पडले हे पुष्कळांस ठाऊक आहे. ते जगले कसे, हे मात्र थोड्यांस. खेड्यातील मनुष्याने जपून ठेवावे असे त्यांच्या जगण्यात अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे साहेबलोकांनी व मुंबईच्या धनिकांनी हवापालटासाठी वसविलेले ठिकाण. बंगले त्यांचे, ओझी वाहणे, पाणी भरणे, हजामत करणे ही कामे इतरांची. अशा घरच्या मुलाने पुण्यास जाऊन शिकावे आणि वकील व्हावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले.

इतके झाल्यावर शहरात राहून सुखाने संसार करता आला असता. कोतवाल डोंगर उतरून कर्जत भागातील कुणबी, ठाकूर, कातकरी यांच्या वाड्यापाड्यांत जाऊ लागले. तेथे त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. मुलांस शाळा नव्हती, आणि आषाढ-श्रावणात घरात दाणा नव्हता. शाळेसाठी त्यांनी स्वयंसेवक शिक्षक उभे केले व गावोगावी वर्ग चालविले. दाण्याचा प्रश्न अधिक कठीण होता.

त्याची रीत आपल्या भागातील वडीलधाऱ्यांस चांगली आठवत असेल. भात झोडले की अर्धे पीक खंडापोटी जमीनदाराकडे जाई. उरलेले होळीच्या सुमारास संपे. मग आवणीच्या दिवसांत सावकाराच्या दारी जाऊन खावटी आणावयाची, आणि ती खळ्यावरच दिढीदुपटीने फेडावयाची. फेडून जे राही ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरत नसे. म्हणून पुन्हा तेच दार. अशा रीतीने बाप मेला तरी कर्ज मरत नसे. यात चोरी कोणी करीत नव्हते, सर्व कागदोपत्री होते, अंगठाही कुळाचाच असे. अन्याय कायद्याच्या आत बसून कसा चालतो हे वकील असलेल्या कोतवालांनी येथे पाहिले.

त्यांनी यावर धान्यकोठीचा उपाय काढला. सुगीत शेतकऱ्यांनी आपापले धान्य एकत्र साठवावे, नडीच्या दिवसांत त्यातून गरजूस द्यावे, आणि पीक आल्यावर त्याने ते थोड्या वाढीसह परत घालावे. वाढ सावकाराच्या घरी न जाता कोठीतच राही. साधी गोष्ट आहे. पण ती चालावी तर माप एक असावे लागते, हिशेब सर्वांसमोर व्हावा लागतो, आणि शेजाऱ्याचा शब्द खरा धरावा लागतो. राज्यकारभार म्हणजे तरी याहून निराळे काय? जो मनुष्य कालपर्यंत सावकारासमोर हात जोडून उभा राही, तो कोठीच्या बैठकीत बसून मत देऊ लागला. सावकारांस हे रुचले नाही.

ऑगस्ट १९४२ मध्ये छोडो भारत चळवळ पेटली. मुंबई इलाख्यातील लोकनियुक्त मंत्रिमंडळाने १९३९ साली राजीनामा दिला होता, व तेव्हापासून गव्हर्नरच राज्य हाकीत होता. पुढाऱ्यांस चौकशीवाचून तुरुंगात टाकले गेले. कायदा शिकलेल्या मनुष्याने कायदा मोडावा काय, असे कोणी विचारील. आमच्या मते ज्या राज्यात कायदा करणाऱ्यांस जाब विचारण्याचा मार्गच बंद केला आहे, तेथे हा प्रश्न प्रथम राज्यकर्त्यांस विचारला पाहिजे. कोतवाल भूमिगत झाले. शेतकरी व शिक्षक यांचा आझाद दस्ता त्यांनी उभारला. घाटातील वीजकेंद्रांतून मुंबईस वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे या दस्त्याने पाडण्यास प्रारंभ केला, त्यायोगे तेथील गिरण्या व रेल्वे यांस अडथळा होऊ लागला. सरकारने कोतवालांस पकडून देणाऱ्यास बक्षीस लाविले.

दस्ता शेवटी सिद्धगडच्या रानात उतरला होता. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने त्यांस घेरले. हिराजी पाटील गोळी लागून पडले. कोतवाल जखमी झाले, आणि पडलेल्या कोतवालांवर हॉलने जवळून गोळी झाडली, अशी हकीकत या भागात आजवर सांगितली जाते. त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. ज्याने न्यायालयात उभे राहण्याची सनद मिळविली होती, त्याचा खटला कोणत्याही न्यायाधीशापुढे चालला नाही.

सावकारीस आळा घालणारा कायदा मुंबई इलाख्यात १९४६ साली झाला, कुळकायदा १९४८ साली. कोतवालांच्या मरणानंतर काही वर्षांतच कुळाचा खंड व हक्क यांची नोंद सरकारी दप्तरात होऊ लागली. सिद्धगडाखाली कोतवाल व हिराजी पाटील यांचे स्मारक आहे. दर २ जानेवारीस पहाटेच्या अंधारात मुरबाड व कर्जतकडील लोक तेथे जमतात.