काजळीचा अर्थ लावणारा रसायनशास्त्रज्ञ

वनस्पती तुपाचा डबा एके काळी घरोघरी असे. तेलाचे असे तूप करण्यामागील रसायनशास्त्राचा पाया घालणारे फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणजे पॉल साबात्ये. दक्षिण फ्रान्समधील कारकासोन येथे ५ नोव्हेंबर १८५४ रोजी त्यांचा जन्म झाला. पॅरिसमध्ये बर्थेलो यांच्या हाताखाली संशोधन करून १८८० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८८४ मध्ये ते तुलूझ येथे प्राध्यापक झाले आणि पुढे पॅरिसहून मानाचे बोलावणे येऊनही तेथेच राहिले.

१८९६ मध्ये मोआसां व मूरू यांनी लोह, निकेल आणि कोबाल्ट यांच्या बारीक चूर्णावरून ॲसिटिलीन वायू सोडला. चूर्ण तापून लाल झाले आणि वायूचे विघटन होऊन काजळी साचली. ही केवळ भौतिक क्रिया असावी, असे त्या दोघांचे मत होते. साबात्ये यांना ते पटले नाही. धातू स्वतःच रासायनिक क्रियेत भाग घेत असावा, अशी त्यांची धारणा होती. सहकारी सांदरांस हे पेशाने धर्मगुरू होते. त्यांच्यासह साबात्ये यांनी तप्त निकेलवरून एथिलीन सोडला. काजळी याही वेळी साचली. परंतु बाहेर पडलेल्या वायूत मुख्यत्वे एथेन आढळला. एथिलीनमधून सुटलेला हायड्रोजन निकेलने उरलेल्या एथिलीनशी जोडला होता! १८९७ मध्ये एथिलीन व हायड्रोजन एकत्र सोडून त्यांनी याची खात्री करून घेतली. १९०१ मध्ये बेंझीनचेही हायड्रोजनीकरण साधले. धातूच्या पृष्ठभागावर अल्पायुषी संयुग तयार होते व मोडते, असा सिद्धांत साबात्ये यांनी मांडला. जर्मनीच्या नोरमान यांनी हीच पद्धत द्रवरूप तेलांना लागू केली.

१९१२ चे नोबेल पारितोषिक साबात्ये यांना ग्रीन्यार यांच्यासमवेत मिळाले. वर्षानुवर्षे बरोबरीने राबलेल्या सांदरांस यांचा मात्र त्यात वाटा नव्हता. १४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूझ येथेच साबात्ये यांचे निधन झाले.

निकेल निकामी करणारी ती काजळी पुढे स्वतःच संशोधनाचा विषय ठरली. १९५२ मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी लोहाच्या कणांवर वाढलेल्या कार्बनच्या पोकळ नळ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. १९९१ मधील इजिमा यांच्या निबंधानंतर जगाचे लक्ष नॅनोट्यूबकडे वेधले गेले. त्या वाढवण्यासाठी आजही प्रामुख्याने लोह, निकेल व कोबाल्टच वापरतात. वायूतील कार्बन धातूच्या सूक्ष्म कणात मुरतो, कण संपृक्त झाला की नळीच्या रूपाने बाहेर पडतो आणि नळीची जाडी बहुधा कणाच्या आकारावर ठरते. धातू हा केवळ साक्षीदार नसतो, हा साबात्ये यांचा आग्रह अशा रीतीने त्यांच्या पश्चात काजळीनेही खरा करून दाखवला.