पुण्यश्लोक अहिल्याबाई : माहेर, सासर आणि वंशवेल

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, नर्मदामाईची परिक्रमा करणारी मंडळी महेश्वरला हमखास थांबतात. आपल्याला हे गाव दुहेरी पूज्य. पुराणातली माहिष्मती नगरी ती हीच, असे मानतात. दत्तप्रभूंची सेवा करून सहस्र बाहूंचा वर मिळवणारा कार्तवीर्य सहस्रार्जुन इथलाच राजा. त्याच्या मंदिरात आजही अखंड दिवे तेवत असतात. याच गावी, अलीकडच्या काळात, एका साध्वीने राज्य केले. त्या अहिल्याबाई होळकर. त्यांच्या वाड्यात घरचा वंशदीप मात्र राहिला नाही. तीच हकिकत आज सांगायची आहे.

आधी माहेर पाहू. अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे, आणि त्यांच्याच नावाने आता त्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. घर धनगराचे, राहणी साधी, देवधर्म मोठा. सुभेदार मल्हारराव होळकरांनी या पोरीला चौंडीच्या देवळात पाहिले आणि तिथेच सून म्हणून पसंत केले, असे सांगतात. १७३३ साली, आठव्या वर्षी, त्या होळकरांच्या घरात आल्या.

आता सासर. हे घराणे नीराकाठच्या होळ गावचे, म्हणून होळकर. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. मल्हाररावांचा जन्म १६९३ चा. वडील खंडोजी लवकर गेले, तेव्हा आईने लेकराला घेऊन खानदेशात तळोद्याला भाऊ भोजराज बारगळ यांचे घर गाठले. मामाकडे मेंढरे राखणारा हा मुलगा पुढे माळव्याचा सुभेदार झाला. मामाचीच मुलगी गौतमाबाई त्यांची पत्नी. या गौतमाबाईंना पेशव्यांकडून स्वतंत्र उत्पन्न मिळाले होते, त्याला खासगी म्हणत. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मल्हारराव आणि गौतमाबाईंचा एकुलता एक मुलगा खंडेराव. त्यांना अहिल्याबाईंपासून दोन मुले झाली : १७४५ साली मालेराव आणि १७४८ साली मुक्ताबाई. वेल फुलली असे वाटत होते. पण १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या सासऱ्याने पदर पसरला. मुलगा गेला, आता सूनच माझा मुलगा, तूही गेलीस तर मी कुणाकडे बघू, अशी त्यांनी विनवणी केली. बाई थांबल्या. पुढे सासऱ्याने त्यांना हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची तजवीज सगळे शिकवले. १७६१ मध्ये गौतमाबाई गेल्या आणि खासगीचा कारभार सुनेकडे आला.

१७६६ साली मल्हारराव गेले. गादीवर नातू मालेराव बसला, पण वर्षही पुरे झाले नाही, तोच १७६७ मध्ये आजारात त्याचाही अंत झाला. पुरुषवंश तिथे संपला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी एखादे लहान मूल दत्तक घ्या, असा सल्ला दिला. यात कारभार आपल्या हाती ठेवण्याचा त्यांचा बेत होता. बाईंनी साफ नकार दिला. राघोबादादा फौज घेऊन आले, तरी त्या डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनीही त्यांचाच हक्क मान्य केला. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकरांवर सोपवले. तुकोजी मल्हाररावांच्या पोटचे नव्हते आणि वयाने जवळपास बाईंच्याच बरोबरीचे, तरी ते त्यांना मातोश्री मानत.

उरली लेक. मुलखातील चोर-दरोडेखोरांचा जो बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असा पण बाईंनी केला आणि यशवंतराव फणसे या तरुणाने तो जिंकला, असे सांगतात. मुक्ताबाईंना मुलगा झाला, नथ्याबा. आजीचा जीव त्याच्यात गुंतला. पण ऐन तारुण्यात १७९० साली नथ्याबा गेला, वर्षभराने जावई गेले आणि मुक्ताबाई सती गेल्या. जी लेकीने केली ती गोष्ट एके काळी आईही करणार होती. आता त्याच आईने लेकीला परोपरीने विनवले, पण लेक ऐकेना. नर्मदेच्या काठी डोळ्यांदेखत चिता पेटली. घरातल्या कर्त्या माणसांना सांगायला नको, याहून मोठे दुःख नाही.

तरी बाईंनी नित्याची पूजा, दानधर्म आणि न्यायनिवाडा सोडला नाही. सरकारी खजिना वेगळा आणि धर्मकार्य वेगळे. सासूकडून आलेल्या त्या खासगीतूनच काशी विश्वनाथाचे देऊळ १७८० मध्ये उभे राहिले, गयेचे विष्णुपद मंदिर झाले, सोमनाथाला पूजा पुन्हा सुरू झाली, वेरूळचा घृष्णेश्वर सावरला. घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे तर ठायी ठायी झाली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी महेश्वरी देह ठेवला.

पुढे गादी तुकोजींच्या वंशात गेली. त्यांचे पुत्र यशवंतराव इंग्रजांशी झुंजले. त्यांचा मुलगा दुसरा मल्हारराव निपुत्रिक वारला, मग दत्तक आले, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. गादीवर बसलेल्यांपैकी अहिल्याबाईंच्या पोटचे कुणीच नव्हते, पण सगळ्यांनी नाव त्यांचेच पुढे केले.

आपल्यातही काहींच्या घरी मूल नाही, काहींची मुले दूर आहेत. मनाला रुखरुख लागते. पण आपली गुरुपरंपरा पाहा. श्रीपाद श्रीवल्लभ आणि श्रीनृसिंह सरस्वती, दोघेही संन्यासी. त्यांचा वारसा गुरूकडून शिष्याकडे चालत आला. अहिल्याबाईंच्या घरीही सासऱ्याकडून सुनेकडे, सासूकडून सुनेकडे तो आला आणि तिथून साऱ्या यात्रेकरूंकडे गेला. काशीला गेलात तर विश्वनाथासमोर त्यांचे नाव घेऊन एक नमस्कार जरूर करा.

॥ श्रीगुरुदेवदत्तार्पणमस्तु ॥