यकृतकृमीचा माग

पावसाळा संपला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गिरणेच्या व पांझरेच्या काठी, पाटांच्या कडेला आणि डबक्यांभोवती हिरवेगार गवत वाढते. गाई, म्हशी आणि बकऱ्या तेथे चरतात. पण याच ओल्या गवतावर कधी कधी त्यांचा शत्रू बसलेला असतो. गवताबरोबर तो जनावराच्या पोटात जातो आणि यकृतात, म्हणजे कलेजीत शिरतो. तेथे वाढून तो पानासारखा चपटा होतो. म्हणून त्याला पर्णकृमी किंवा यकृतकृमी म्हणतात. त्याच्यामुळे जनावर खंगते, दूध कमी देते, त्याच्या जबड्याखाली सूज येते आणि कधी कधी ते दगावते.

हा कृमी जनावराच्या पोटात कसा येतो, हे शेकडो वर्षे लोकांना ठाऊक नव्हते. हे कोडे सोडवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक होते आल्जर्नन थॉमस.

थॉमस यांचा जन्म १८५७ साली इंग्लंडमधील बर्कनहेड येथे झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला आणि पुढे तेथेच ते विद्यार्थ्यांना प्रयोग शिकवू लागले. त्याच सुमारास इंग्लंडवर मोठे संकट आले. १८७९ साली तेथे फार पाऊस पडला. कुरणे चिखलाने भरली. त्यानंतर यकृतकृमीच्या रोगाने सुमारे ३० लाख मेंढ्या मेल्या. अनेक शेतकरी कंगाल झाले. तेव्हा इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीने या रोगाचे मूळ शोधण्यासाठी पैसे दिले. हे काम थॉमस यांच्याकडे आले. त्या वेळी ते अवघे २३ वर्षांचे होते.

थॉमस यांनी कृमीची अंडी पाण्यात ठेवली. काही दिवसांनी त्यांतून सूक्ष्म अळ्या बाहेर आल्या. त्या भराभर पोहत. पण काही तासांतच मरून जात. यावरून थॉमस यांनी ओळखले की, या अळीला जगण्यासाठी दुसऱ्या एखाद्या प्राण्याचा आसरा हवा. तो प्राणी गोगलगाय असावा, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क होता. पण गोगलगाईंच्या जाती अनेक. त्यांतली नेमकी कोणती?

थॉमस ओल्या कुरणांतून हिंडू लागले. नाना जातींच्या गोगलगाई त्यांनी तपासल्या. अखेर त्यांचा संशय एका अगदी लहान गोगलगाईवर आला. ती पाण्याबाहेर चिखलातही राहत असे, म्हणून सहज नजरेस पडत नसे. पण पुढचे वर्ष कोरडे गेले. शोध शोधूनही प्रयोगाला पुरेशा गोगलगाई मिळेनात. थॉमस यांनी काम सोडले नाही. १८८२ च्या जुलैमध्ये नदीला पूर आला आणि त्या पाण्याबरोबर ऑक्सफर्डजवळच्या कुरणांत हव्या त्या गोगलगाई मोठ्या संख्येने आल्या. थॉमस यांनी त्या गोळा करून अळ्यांच्या पाण्यात सोडल्या.

आता कृमीचा सारा प्रवास उघड झाला. अळी गोगलगाईच्या शरीरात शिरते. तेथे एकीच्या अनेक होतात. मग शेपटीच्या अळ्या बाहेर पडून पोहतात, गवताला चिकटतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती कवच तयार करतात. असे गवत खाल्ल्याने मेंढ्यांना रोग होत असावा, असे थॉमस यांनी सांगितले. १८८३ साली त्यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्याच काळात जर्मनीतील थोर शास्त्रज्ञ लॉइकार्ट यांनीही हाच शोध स्वतंत्रपणे लावला. गवताबद्दलचा अंदाज खरा असल्याचे ब्राझीलचे डॉ. लुट्झ यांनी पुढे हवाई बेटांवर दाखवून दिले.

१८८३ सालीच थॉमस न्यूझीलंडला गेले. ऑकलंडच्या महाविद्यालयात त्यांनी सुमारे ३० वर्षे अध्यापन केले. १८८६ साली तेथील तारावेरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्याची पाहणी करून त्यांनी सरकारला अहवाल दिला. १९३७ साली त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे आढळणारा यकृतकृमी इंग्लंडमधल्या कृमीपेक्षा मोठा असतो आणि तो वेगळ्या गोगलगाईत वाढतो. पण त्याचा मार्ग तसाच आहे. भारतातही अशा कृमींचा अभ्यास झाला. मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेतील जी. डी. भालेराव यांनी भारतातील पाळीव जनावरांच्या कृमींवर लिहिलेला ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला.

आज पशुवैद्य जनावराचे शेण पाण्यात कालवतात, गाळतात आणि ते पाणी स्थिर ठेवतात. कृमीची अंडी जड असल्याने तळाशी बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती पिवळसर आणि लंबगोल दिसतात. रोग ओळखला की योग्य औषध देता येते. पण औषधाइतकीच काळजीही महत्त्वाची. डबक्याकाठचे गवत जनावरांना चारू नये. त्यांना स्वच्छ पाणी पाजावे. शेण पाण्यात जाऊ देऊ नये. कुर्बानीच्या वेळी किंवा खाटकाकडे कलेजीत असे कृमी आढळले, तर ती कलेजी नदीनाल्यात न फेकता खोल पुरावी.

शत्रूची वाट कळली की ती अडवता येते. ही वाट शोधण्यासाठी थॉमस चिखलातून हिंडले. त्यांच्या चिकाटीचा उपयोग आज आपल्या खानदेशातील शेतकऱ्यालाही होत आहे.