माइक, विमान आणि गोल्फ : हेलन डेटवायलर

गेल्या वर्षी कॉलेजच्या क्रीडा महोत्सवात माइक माझ्या हातात होता. म्हणजे बक्षिसांची नावं वाचायची, पाहुण्यांचं स्वागत करायचं, सापडलेली पाण्याची बाटली कुणाची ते विचारायचं, एवढ्यापुरता. क्रिकेटची फायनल सुरू झाली तसा तो एका वर्गमित्राकडे गेला आणि मीही निमूटपणे देऊन टाकला. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. घरी आल्यावर आजोबांना सहज सांगितलं, तर ते चक्क रागावले. इंदूरच्या मुलीनं तरी असं करायला नको होतं, असं त्यांचं म्हणणं. भारतातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक चंद्रा नायडू आपल्या इंदूरच्या, कर्नल सी. के. नायडूंच्या कन्या. इथेच कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. २०२१ मध्ये त्या गेल्या. खरं सांगते, मला हे ठाऊकच नव्हतं.

मग त्यांच्याही आधी, दुसऱ्या देशात, हे काम कुणी केलं असेल याचा शोध घेत गेले आणि हेलन डेटवायलर भेटली. तिच्याबद्दल मंडळाच्या या अंकात लिहायचं ठरवलं.

हेलनचा जन्म ५ डिसेंबर १९१४ चा, वॉशिंग्टन शहरातला. लहानपणापासून ती गोल्फ खेळायची. शिकली ती तिथल्याच ट्रिनिटी कॉलेजात. नोत्र दाम संघाच्या सिस्टर्सनी १८९७ मध्ये खास मुलींसाठी स्थापन केलेलं हे कॉलेज. इतिहास आणि इंग्रजी घेऊन तिनं तिथून पदवी मिळवली.

१९३८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, ती वॉशिंग्टन सेनेटर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या सामन्यांसाठी रेडिओवर बोलायला लागली. अमेरिकेत बेसबॉलचं समालोचन करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

तो काळ समजून घ्यायला हवा. टीव्ही घराघरांत पोचला नव्हता. सामना घरबसल्या कळायचा तो कानांनीच. न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या संघांनी तर रेडिओवर बंदीच घातली होती. घरी फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार, ही त्यांची भीती. ती बंदी उठली १९३९ मध्ये. नाश्त्याची धान्यं विकणाऱ्या कंपन्या प्रक्षेपणाचा खर्च उचलायच्या. परगावच्या सामन्याला समालोचकाला नेहमी पाठवत नसत. तारेनं दोन-चार शब्दांत चेंडूचा निकाल यायचा आणि स्टुडिओत बसलेला माणूस त्यावरून अख्खा सामना उभा करायचा, प्रेक्षकांच्या आरडाओरड्यासकट! ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, आपण गप्प बसलो तर त्याच्यापुरता सामनाच थांबतो, असं हे काम. एका तरुण मुलीनं ते करणं किती अवघड गेलं असेल, याचा मला आता थोडा अंदाज येतो.

पण हेलन तिथे फार काळ राहिली नाही. १९३९ मध्ये तिनं हौशी खेळाडू म्हणून विमेन्स वेस्टर्न ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी ती व्यावसायिक गोल्फपटू झाली. बायकांना तेव्हा गोल्फवर पोट भरणं जवळजवळ अशक्य होतं. बक्षिसाच्या रकमा नाममात्र. ज्या मोजक्या जणी टिकल्या, त्या बहुतेक गोल्फचं सामान बनवणाऱ्या कंपन्यांसाठी गावोगाव प्रात्यक्षिकं दाखवत.

मग युद्ध आलं. हेलननं आधी हवाई दलासाठी गुप्त संदेशांचं काम केलं आणि नंतर ती वास्प या महिला वैमानिकांच्या तुकडीत दाखल झाली. जॅकलीन कॉक्रन या तुकडीच्या प्रमुख. पंचवीस हजारांहून जास्त अर्ज आले होते, प्रशिक्षण पूर्ण करून १,०७४ जणी वैमानिक झाल्या. बी-१७ हे चार इंजिनांचं अवजड बॉम्बर विमान चालवायला मिळालेल्या थोड्या बायकांमध्ये हेलन होती. पण या बायकांना सैनिकाचा दर्जा नव्हता. ३८ जणी कामावर असताना मरण पावल्या. अशा वेळी मैत्रिणींनी वर्गणी काढून शव घरी पाठवल्याचे प्रसंग आहेत. डिसेंबर १९४४ मध्ये तुकडीच बरखास्त झाली. माजी सैनिकाचा दर्जा मिळायला १९७७ साल उजाडलं. अमेरिकन संसदेचं सुवर्णपदक २००९ मध्ये मंजूर झालं, तेव्हा हेलनला जाऊन अठरा वर्षं उलटली होती.

म्हणजे पहा, माइक सुटला, विमानही गेलं. पुढे काय?

कॅलिफोर्नियात इंडिओ इथे कॉक्रन आणि त्यांच्या नवऱ्याची मोठी जागा होती. तिथल्या वाळवंटी भागात हेलननं स्वतः आखणी करून नऊ होलचं गोल्फ मैदान तयार करून घेतलं. आणि १९५० मध्ये तेरा जणींनी मिळून व्यावसायिक महिला गोल्फची संघटना स्थापन केली, तीच आजची एलपीजीए. त्या तेरांत हेलन होती. पॅटी बर्ग अध्यक्ष झाल्या आणि हेलन उपाध्यक्ष. सगळ्यांत लहान मार्लीन बॉवर तेव्हा सोळा वर्षांची! नोकरचाकर, ऑफिस काही नाही. मैदानाची तयारी, हिशेब, प्रसिद्धी, सगळं खेळाडूच करायच्या आणि मग खेळायच्या.

पुढे हेलन शिकवण्याकडे वळली. १९५८ मध्ये एलपीजीएनं उत्कृष्ट शिक्षिकेचा पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा तिलाच मिळाला. १३ नोव्हेंबर १९९० रोजी ती वारली.

तिची माहिती वाचताना एक गोष्ट मनात घर करून राहिली. बेसबॉलच्या माइकवर १९६४ मध्ये बेटी केवूड आली, १९७७ मध्ये मेरी शेन आली. दोघींचाही केवढा गाजावाजा झाला, जणू याआधी कुणी बाई तिथे बसलीच नव्हती. आणि दोघीही फार टिकल्या नाहीत. प्रत्येक वेळी पहिलीच! चाळीस वर्षांत दुसरी, तिसरी, चौथी अशी रांगच लागली नाही. गोल्फमध्ये मात्र लागली. कारण तिथे तेरा जणी एकत्र बसल्या, नियम केले, आणि हेलनसारख्यांनी मागून येणाऱ्यांना शिकवलं. आपली अदिती अशोक, टोकियो ऑलिंपिकमध्ये जिचं पदक थोडक्यात हुकलं आणि जी चौथी आली, ती याच एलपीजीएत खेळते. तेरा जणींनी मांडलेला डाव इतक्या लांबपर्यंत पोचला.

रेडिओवर हेलन एकटीच होती. तिची जागा कुणी पुढे चालवली नाही, यात तिचा दोष नाही. पण पहिली होण्याचं कौतुक करून आपण थांबतो, हे मला खटकायला लागलं. चंद्रा नायडूंच्या गावात मी माइक सोडून दिला होता, तो यामुळेच असेल का?

यंदाच्या क्रीडा महोत्सवात मी आधीच नाव दिलं आणि फायनलच्या पहिल्या दहा षटकांचं धावतं वर्णन केलं. दोनदा फिल्डरचं नाव चुकलं, एकदा धावसंख्याही. पोरं हसली, हसू देत. शेजारी स्कोअर लिहायला मी फर्स्ट इयरची एक मुलगी मुद्दाम बसवली होती. नवव्या षटकात माइक तिच्याकडे सरकवला. आधी नाही नाही म्हणाली, मग चौकार गेला तशी इतकी जोरात ओरडली की पॅव्हेलियनमधली सगळी वळून बघायला लागली.

पुढच्या वर्षी मी इथे नसेन. ती असेल.