हातचे लिहून ठेवा, सांगणारा ट्युरिंग

मार्केट यार्डच्या भुसार विभागात एखाद्या जुन्या पेढीवर हाताने बेरीज करणारे दिवाणजी अजून भेटतात. रकान्यांच्या डोक्यावर बारीक आकड्यांत हातचे लिहिलेले असतात. रक्कम जुळली नाही तर एककाचा रकाना एकाने, दशकाचा दुसऱ्याने तपासला तरी चालतं. हातचे मनातच ठेवले असतील, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज नव्याने करावी लागते. त्याच यार्डात गाडी खाली होईपर्यंत मोबाइलवर गेम खेळणारी पोरंही दिसतात. त्या गेमच्या आत हेच हातचे असतात.

अ‍ॅलन ट्युरिंग यांचा जन्म १९१२चा, लंडनचा. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. आईचा जन्मही तिकडचाच. मुलांना मात्र इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवलेलं. चोविसाव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी सूचनांवर चालणाऱ्या यंत्राची कल्पना कागदावर मांडली. महायुद्धात ब्लेचली पार्कला जर्मन संदेशांची कोडी फोडली. तिथे त्यांच्या सायकलची साखळी ठरावीक फेऱ्यांनंतर घसरायची. दुरुस्त न करता ते फेऱ्या मोजत आणि वेळेवर उतरून ती सावरत. सायकल चालायची, पण दुसऱ्या कुणाला चालवता आली नसती. बराच प्रोग्राम आजही असाच लिहिला जातो!

युद्धानंतर ते मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकावर काम करू लागले. त्याची भाषा बत्तीस चिन्हांची. शून्यासाठी तिरकी रेघ, आणि संख्या उलट्या, लहान स्थान आधी. पानंच्या पानं तिरक्या रेघांनी भरत. ट्युरिंग यांना त्यात अडचण वाटत नसे आणि इतरांना ती का वाटते, हेही त्यांच्या फारसं लक्षात येत नसे.

तरीही २४ जून १९४९ रोजी केंब्रिजच्या परिषदेत त्यांनी बेरजेचं आणि हातच्यांचं उदाहरण देऊन सांगितलं, की प्रोग्राम लिहिणाऱ्याने जागोजागी ठाम विधानं नोंदवावीत, म्हणजे दुसरा माणूस ती एकेक करून तपासेल. गंमत अशी, की फळ्यावरचे आकडे त्यांनी सवयीने उलटेच लिहिले आणि श्रोते गोंधळले. ते टिपण मागे पडलं. रॉबर्ट फ्लॉइड आणि टोनी होअर यांनी १९६०च्या दशकात ही कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा मांडली.

आज गेम लिहिणारे तिला ‘अ‍ॅसर्ट’ म्हणतात. खेळाडूच्या गोळ्या शून्याखाली जाणार नाहीत, असं सी++ मध्ये एका ओळीत लिहून ठेवायचं. अट मोडली की गेम तिथेच थांबतो आणि ओळ दाखवतो. शेकडो जण एकाच प्रोग्रामवर काम करत असताना रात्रीची जागरणं वाचतात ती अशा ओळींमुळे. ग्राहकाच्या हाती जाणाऱ्या प्रतीतून त्या बहुधा काढलेल्या असतात.

गेमही ट्युरिंग यांनी लिहिला होता. १९४८ मध्ये मित्र डेव्हिड चँपरनाउन यांच्यासह त्यांनी बुद्धिबळाचे नियम रचले. ते चालवणारं यंत्र नव्हतं, म्हणून १९५२ मध्ये स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन यंत्र झाले आणि अ‍ॅलिक ग्लेनी यांच्याशी खेळले. २९ चालींत हरले. याच ग्लेनींनी त्याच वर्षी मँचेस्टरच्या यंत्रासाठी ‘ऑटोकोड’ बनवला. माणसाला वाचता येईलशा सूचनांचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या पहिल्या साधनांपैकी तो एक. त्याच यंत्रावर क्रिस्टोफर स्ट्रेची या शाळामास्तरांनी ड्राफ्ट्‌सचा पट पडद्यावर दाखवला. स्ट्रेचींनी पुढे सीपीएल भाषेवर काम केलं. तिच्यातून बीसीपीएल, मग बी, मग १९७२च्या सुमारास सी आणि नंतर सी++ आली. मोठी गेम इंजिनं आज याच भाषेत लिहिली जातात.

१९५२ हेच वर्ष ट्युरिंग यांच्यावर समलैंगिक संबंधांबद्दल खटला चालल्याचं. तुरुंगाऐवजी त्यांनी हार्मोनचे उपचार पत्करले. दोन तास सेहेचाळीस मिनिटांत मॅरेथॉन धावलेल्या त्या शरीरावर वर्षभर हा प्रयोग झाला. औषधोपचाराच्या नावाने दिलेली ती शिक्षाच होती. ७ जून १९५४ रोजी सायनाइडमुळे त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. सरकारने त्यांना माफी दिली ती २०१३ मध्ये.

त्याच्या आदल्या वर्षी, जन्मशताब्दीला, मँचेस्टरमध्ये त्यांचे बुद्धिबळाचे नियम खऱ्या संगणकावर चढवण्यात आले. समोर गॅरी कास्पारोव्ह बसले होते. डाव सोळा चालींत संपला.